तिकीट पक्कं, शिक्का कच्चा: पेनी ब्लॅकचं प्रकरण

जगातल्या पहिल्या चिकटवायच्या टपाल तिकिटाची छपाई वर्षभरही टिकली नाही. मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये ‘पेनी ब्लॅक’ विक्रीला आलं आणि फेब्रुवारी १८४१ मध्ये त्याची जागा त्याच चित्राच्या, त्याच किमतीच्या तांबड्या तिकिटाने घेतली. चित्रात खोट नव्हती, छपाई तर उत्तम होती. लोकांनी ते नाकारलं म्हणावं, तर तेवढ्या काळात सुमारे ६ कोटी ८८ लाख तिकिटं छापावी लागली होती. ते बदलावं लागलं ते त्याच्यावर मारायच्या शिक्क्यामुळे.

पोस्टाचा शिक्का म्हणजे तारीख आणि गावाचं नाव, एवढंच आपल्या मनात असतं. या प्रकरणात त्याचं दुसरं, कमी दिसणारं काम समोर येतं. ते काम पहिल्याच वेळी कसं फसलं आणि दुरुस्त करताना काय काय बदलावं लागलं, ते इथे क्रमाने मांडतो.

तिकिटाआधीचा शिक्का

शिक्का तिकिटापेक्षा जवळजवळ १८० वर्षांनी मोठा आहे. १६६१ मध्ये इंग्लंडचा पोस्टमास्तर जनरल हेन्री बिशप याने पत्रांवर एक लहानसा गोल ठसा मारायला सुरुवात केली. मधोमध आडवी रेघ, एका अर्ध्यात महिन्याची दोन अक्षरं, दुसऱ्या अर्ध्यात तारीख. वर्ष नाहीच. पत्रं कचेरीत पडून राहतात अशी तक्रार होती आणि हा ठसा तिला उत्तर म्हणून आला. पत्र कचेरीत कोणत्या दिवशी आलं हे कागदावरच उमटलं की वाटेत कोणी दाबून ठेवलं तर ते उघड होणार. म्हणजे शिक्का जन्मला तो टपाल खात्याच्या आपल्याच माणसांवर नजर ठेवायला. वर्षाची गरज त्यात कुणाला वाटली नाही, कारण पत्र दोन दिवस रखडलं की चार, एवढाच प्रश्न होता.

१६८० मध्ये विल्यम डॉकरा याने लंडनपुरती एक पेनीची टपालसेवा काढली. तिचे त्रिकोणी शिक्के पैसे आगाऊ भरल्याचं सांगत आणि सोबतचे छोटे ठसे वेळ सांगत. पुढे गावांच्या नावांचे, लंडनपासूनच्या मैलांचे असे अनेक ठसे आले. मैलांचे ठसे हिशेबासाठी होते, कारण टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे आणि बहुतेक वेळा तो पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई.

या सगळ्या शिक्क्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. ते काही सांगतात: कुठून, केव्हा, किती, पैसे मिळाले की नाही. कोणतीही वस्तू निकामी करण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतं, कारण निकामी करण्यासारखं पत्रावर काही नव्हतंच.

१८४० मध्ये काय बदललं

रोलंड हिलने १८३७ मध्ये टपाल सुधारणेवरची पुस्तिका काढली आणि १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. पैसे आधी भरायचे. आधी न भरल्यास घेणाऱ्याकडून दुप्पट. आगाऊ भरण्याची सोय म्हणून मेमध्ये तिकीट आलं. १ मेपासून विक्री, ६ मेपासून वापर.

आता पत्राच्या कोपऱ्यात एक पेनी किमतीचा कागद चिकटलेला होता. आधीच्या व्यवस्थेत पैसे कारकुनाच्या हाती पडत आणि तिथेच प्रश्न मिटे. नव्या व्यवस्थेत तो कागद पत्राबरोबर प्रवास करून घेणाऱ्याच्या घरी पोचणार होता. तो तिथे पोचेपर्यंत ‘मेलेला’ असणं भाग होतं. शिक्क्याला हे दुसरं काम तेव्हा चिकटलं.

हिल आणि ब्रिटिश ट्रेझरी यांना लबाडीची कल्पना नव्हती असं मुळीच नाही. उलट तिकिटाचा इंच न् इंच लबाडीच्या भीतीतूनच घडला होता. राणीचा चेहरा घेतला तो शोभेसाठी कमी आणि सुरक्षेसाठी जास्त: ओळखीच्या चेहऱ्यात केसाएवढा फरक पडला तरी डोळ्याला खटकतो. पदकं घडवणाऱ्या विल्यम वायनच्या पदकावरचं ते मस्तक चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी पोलादावर कोरलं. मागे यंत्राने काढलेली बारीक नक्षी, कागदात मुकुटाचा वॉटरमार्क, खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं. छपाईच्या एका कागदावर २४० तिकिटं, म्हणजे बरोबर एक पौंड, कारण तेव्हा पौंडाच्या २४० पेनी होत. आणि पहिल्या ओळीच्या ‘ए ए’पासून शेवटच्या ओळीच्या ‘टी एल’पर्यंत प्रत्येक तिकिटाची अक्षरजोडी वेगळी. कोणी एक तिकीट नक्कल करून शेकड्याने छापलं असतं, तर सगळ्यांवर एकच जोडी येऊन ते पकडलं गेलं असतं.

हा सगळा बंदोबस्त नक्कल करणाऱ्यासाठी होता. त्याला कोरणारा हवा, छापखाना हवा, वॉटरमार्कचा कागद हवा. वापरलेलं तिकीट पुसून पुन्हा लावणाऱ्याला ओलं फडकं आणि थोडी चिकाटी पुरे. धास्ती घेतली होती ती चुकीच्या चोराची, असं माझं मत आहे. पहिल्यासाठी पोलाद वापरलं आणि दुसऱ्यासाठी स्थानिक पोस्टमास्तराने स्वतः कालवलेली शाई.

शाईची कृती

एप्रिल १८४० च्या अखेरीस देशभरच्या पोस्टमास्तरांना नवा हातशिक्का पाठवण्यात आला. संग्राहक त्याला ‘माल्टीज क्रॉस’ म्हणतात, दिसायला तो पाकळ्यांच्या फुलाकडे झुकतो. रुंदी साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे तिकिटाच्या रुंदीइतकी. शिक्के हाताने घडवलेले असल्याने त्यांत फरक राहिले. काही गावांचे क्रॉस इतके वेगळे आहेत की नुसता ठसा पाहून जाणकार गाव सांगतो. पण तो योगायोग. क्रॉसमध्ये मुद्दाम घातलेली माहिती शून्य: ना गाव, ना तारीख.

सोबत शाईची कृतीही होती. छापखान्याची लाल शाई एक पाऊंड, जवसाचं तेल एक पिंट, ऑलिव्ह तेलाचा निथळ अर्धा पिंट, नीट ढवळून घ्यावे. लाल का? काळ्या तिकिटावर लाल उठून दिसतो, हे उघड कारण. शिवाय पैसे भरलेल्या पत्रांचे ठसे लाल आणि न भरलेल्यांचे काळे, ही टपाल खात्यातली सवय आधीपासूनची होती.

घोळ त्या कृतीतच आहे. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. तैलरंगात ते त्याचसाठी वापरतात. ऑलिव्ह तेल तसं वाळत नाही, ते तेलकटच राहतं. दोन्ही मिसळली की शाई ठशावर छान पसरते, पण कागदावर घट्ट बसायला वेळ घेते आणि पुरती बसतही नाही. त्यात प्रत्येक पोस्टमास्तर आपापल्या अंदाजाने कालवणार. म्हणूनच आज पेनी ब्लॅकवर लाल, नारिंगी, विटकरी, जांभळट अशा छटांचे क्रॉस सापडतात. संग्राहकांना त्यात मजा वाटते. खात्याच्या दृष्टीने मात्र देशभर एकाच कामाला निरनिराळ्या प्रतीची शाई चालू होती.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. तिकिटाची काळी शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, आणि घरगुती रसायनांनी कार्बनला काही होत नाही. कोरीव पाटीवरून दाबून छापल्यामुळे ती कागदात चांगली बसलेलीही होती. पुसणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? जो द्राव लाल शाई उचलतो, तो काळ्या चित्राला हात लावत नाही. शिक्का जातो आणि राणी जशीच्या तशी राहते.

तिकिटं पुसून पुन्हा वापरली जात असल्याच्या तक्रारी तिकीट निघाल्यावर लवकरच यायला लागल्या. त्याच काळात पत्रांची संख्याही फुगत होती: १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख, १८४० मध्ये सुमारे १६ कोटी ९० लाख. दिव्याच्या उजेडात भराभर शिक्के मारणाऱ्या कारकुनाने प्रत्येक तिकीट आधी वापरलेलं आहे का हे न्याहाळावं, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे लाल शाई सुधारणं. हिलने शायांचे बरेच प्रयोग करवून घेतले. अडचण अशी की इथे नुसत्या मजबुतीचा प्रश्न नव्हता. तिकिटाची शाई कार्बनची असेपर्यंत शिक्क्याची शाई तिच्याहून मजबूत होणं अवघड. आणि ती तिच्याहून दुबळी असेपर्यंत पुसणाऱ्याचं काम होत राहणार.

दुसरा पर्याय: शिक्क्यालाच काळी शाई. ती पुसायला कठीण, पण काळ्यावर काळी दिसणार कशी? असे शिक्के प्रत्यक्षात मारले गेले. त्यातली काही तिकिटं आजही हातात घेऊन तिरपी धरल्याशिवाय शिक्का आहे की नाही कळत नाही. जे रद्द झाल्याचं दिसत नाही, ते पुन्हा लावायला पुसायचीही गरज नाही.

तिसरा पर्याय, म्हणजे तिकिटाला इजाच करणं, ब्रिटनने या वेळी स्वीकारला नाही, पण इतरत्र तो पुढे आला. अफगाणिस्तानात १८७० च्या दशकातल्या तिकिटांचा तुकडाच फाडून ती बाद करत. अमेरिकेने १८६७ पासून काही वर्षं तिकिटांच्या कागदावर बारीक टोकांची जाळी दाबली, म्हणजे कागदाचे तंतू तुटतील आणि शिक्क्याची शाई आत मुरेल. रोग तोच, औषध वेगळं.

निवड झाली ती चौथ्या पर्यायाची: शायांच्या भूमिका उलटवायच्या. शिक्क्याची शाई काळी, पक्की. तिकिटाची शाई रंगीत आणि मुद्दाम नाजूक. कोणी शिक्का काढायला जाईल तर आधी चित्र विरघळेल. यासाठी एक लहान खास पाटी कोरून तिच्यावरून नाना रंगांत नमुने काढले गेले. संग्राहक त्यांना ‘रेनबो ट्रायल्स’ म्हणतात. अखेर तांबूस तपकिरी रंग ठरला आणि १० फेब्रुवारी १८४१ रोजी पेनी रेड निघालं. पेनी ब्लॅकच्या ११ पाट्यांपैकी काही तशाच लाल छपाईला घेतल्या. नव्या शाईतल्या रसायनामुळे कागद निळसर पडू लागला, तेही खात्याने चालवून घेतलं.

दोन पेनीचं निळं तिकीट निळंच ठेवलं, फक्त त्यावर दोन पांढऱ्या रेघा वाढवल्या, म्हणजे जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे कळावं.

मला या निर्णयातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते ती अशी: पोलादावर कोरलेल्या देखण्या तिकिटाला जाणूनबुजून कमकुवत शाई द्यायची. सरकारी कागद म्हटला की तो टिकाऊ हवा ही साधी समजूत. इथे नेमकं उलट करावं लागलं.

क्रॉस काय सांगत नव्हता

शाईचा प्रश्न सुटला, तरी क्रॉसमध्ये दुसरी उणीव होतीच. त्या वर्षांतलं एक साधं पत्र पाहू. पाकिटाचा रिवाज अजून रुळलेला नाही, म्हणून पत्राचाच कागद घडी घालून मेणाने बंद केलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनी ब्लॅक, त्यावर लाल क्रॉस. पुढच्या बाजूला बाकी फक्त पत्ता. तारीख हवी असेल तर पत्र उलटावं लागतं. मागे जिथून निघालं त्या गावाचा तारखेचा गोल ठसा आणि बहुधा जिथे पोचलं तिथलाही एक.

म्हणजे एका पत्रावर दोन वेगळे शिक्के, दोन वेगळ्या हत्यारांनी, दोन वेगळ्या बाजूंना. पुढचा मारतो, मागचा सांगतो. तिकीट पत्रापासून सुटलं की क्रॉसवरून ते कुठे वापरलं, केव्हा वापरलं, काहीच कळत नाही. तिकिटाचा पहिला वापर कधीचा, हा प्रश्नही म्हणूनच क्रॉसवरून सुटत नाही. बाथहून निघालेलं २ मे १८४० चं प्रसिद्ध पत्र ६ मेच्या चार दिवस आधी तिकीट वापरल्याचा पुरावा ठरतं, ते त्यावरच्या तारखेच्या ठशामुळे.

खात्यालाही हे आंधळेपण सोसलं नाही. १८४४ मध्ये क्रॉस हळूहळू मागे घेतले गेले आणि आकड्यांचे शिक्के आले. गावांना बहुतांशी वर्णक्रमाने आकडे दिले आणि ते रेघांच्या चौकटीत बसवले: इंग्लंड-वेल्ससाठी लंबगोल, स्कॉटलंडसाठी आयत, आयर्लंडसाठी खेळायच्या पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखा आकार. आता तिकीट सुटं झालं तरी ते कोणत्या गावात बाद झालं ते कळू लागलं.

तारीख मात्र अजूनही मागेच होती. एका पत्रावर दोनदा हात चालवणं, त्यात पत्र उलटणं, कोट्यवधींच्या संख्येत हे महाग पडतं. १८५० च्या दशकात जोडशिक्का आला. एकाच दांड्यावर डावीकडे तारखेचं वर्तुळ, उजवीकडे आकड्याच्या रेघा. एका फटक्यात दोन्ही कामं. पुढे शिक्के मारणारी यंत्रं आली, त्यांच्या ठशाची मांडणीही हीच राहिली: तारखेचं वर्तुळ मोकळ्या कागदावर, तिकिटावर लाटांसारख्या किंवा सरळ रेघा. पाकिटावरचं तिकीट कापून घेताना तारीख हातची जाते, त्याचं कारण या मांडणीत आहे. शिक्का तसाच जोडलेला आहे: वाचायचा भाग बाजूला, मारायचा भाग वर.

लबाडी संपली का?

नाही. काळी शाई पुसता येत नाही म्हटल्यावर दुसरी वाट शोधली गेली: ज्या भागावर शिक्का पडलेला नाही तो भाग वापरायचा. दोन वापरलेल्या तिकिटांचे स्वच्छ अर्धे जुळवून एक ‘नवं’ तिकीट करता येत होतं. १८६४ मध्ये पेनी रेडच्या चारही कोपऱ्यांत अक्षरं आली. तोपर्यंत वरच्या कोपऱ्यांत नुसते तारे होते. खालच्या जोडीचीच अक्षरं वर उलट क्रमाने, त्यामुळे दोन वेगळ्या तिकिटांचे तुकडे जोडले की अक्षरं जुळत नसत. कारकुनाला चित्र तपासायची गरज नाही, कोपरे पाहिले की पुरे.

नाजूक शाईचं तत्त्व पुढे आणखी ताणलं गेलं. १८८३-८४ मध्ये ब्रिटनने फिकट जांभळी आणि हिरवी तिकिटं काढली. त्यांच्या शाया अशा की पाण्यानेही रंग जावा. ती फार फिकी म्हणून लोकांना आवडली नाहीत, आणि एका रंगात अनेक किमती असल्याने कारकुनांचाही गोंधळ होई. आज ती पाकिटावरून सोडवायला पाण्यात टाकली तर हिरवा रंग पिवळटतो आणि तिकिटाची किंमत तिथेच संपते.

आजच्या परीक्षकासमोर

पेनी ब्लॅकच्या बाबतीत १८४० ची ती कच्ची शाई अजून त्रास देते. न वापरलेल्या पेनी ब्लॅकला वापरलेल्याच्या कितीतरी पट भाव मिळतो, म्हणून लाल क्रॉस पुसून तिकीट कोरं भासवण्याचे प्रकार होतात. कागदाच्या तंतूंत राहिलेला रंग अतिनील दिव्याखाली अनेकदा दिसतो. उलटही घडतं: पेनाने बाद केलेलं तिकीट पुसून त्यावर खोटा क्रॉस मारायचा, कारण क्रॉसचं तिकीट जास्त देखणं.

सुट्या तिकिटापेक्षा अख्खं पत्र बरं, असं जाणकार सांगतात ते याचसाठी. त्यातही पाहायचं असतं ते क्रॉसच्या कडा तिकिटाबाहेर कागदावर उतरल्या आहेत का. उतरल्या असतील आणि रेघ तिकिटाच्या कडेवर न तुटता पुढे जात असेल, तर हे तिकीट याच पत्रावर होतं असं ठामपणे म्हणता येतं. क्रॉस पूर्ण तिकिटातच बसला असेल, आणि १९ मिलिमीटरचा तो ठसा बरेचदा तसाच बसतो, तर आधार उरतात ते मागची तारीख, पत्राचं वजन, त्यावेळचा दर आणि तिकीट कोणत्या पाटीवरून छापलंय ते. पाटी त्या तारखेनंतर वापरात आली असेल, तर पत्र खरं असलं तरी तिकीट मागाहून चिकटवलेलं आहे.